मळ्यावरचे कॅमेरे भरवशाचे करायचे असतील तर: बिनतारी सेन्सरचं जाळं कसं बसवायचं

चोरी झाल्यावर डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) लावून बघितला, तर गेल्या पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंगच नाही. आमच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात ही तक्रार दर हंगामात ऐकू येते. विहिरीवरची केबल जाते, स्टार्टर जातो, चाळीतल्या कांद्याच्या गोण्या जातात. कॅमेरे जागेवरच असतात. ते बंद होते, आणि बंद आहेत हे कुणाला माहीत नव्हतं.

कॅमेऱ्याची खरी उणीव हीच आहे. तो बंद पडला तर स्वतःहून काही सांगत नाही. चालू असला तर उलटा त्रास: पाऊस, पतंग, हलणारं पान, गाडीचा उजेड, सगळ्यांवर मोबाईल वाजतो आणि चार दिवसांत माणूस सूचना बंद करून टाकतो. यावर दुकानदार आणखी दोन कॅमेरे सुचवतो. माझं मत असं, की ते पैसे आहेत त्याच कॅमेऱ्यांवर आणि आवारावर लक्ष ठेवणाऱ्या छोट्या बिनतारी सेन्सरवर घालावेत. हे काम मी आमच्या मळ्यावर केलं आहे, ओळखीच्यांकडे बसवायलाही मदत केली आहे. ज्यांच्याकडे चार-आठ कॅमेरे आधीच आहेत आणि ते भरवशाचे करायचे आहेत, त्यांच्यासाठी ही सगळी पद्धत लिहितो आहे. शेताच्या जागी गोदाम किंवा छोटा कारखाना असला तरी फार फरक पडत नाही.

## १. कॅमेरा कुठे कुठे मरतो, त्याची यादी करा

काहीही विकत घेण्याआधी वही घ्या आणि प्रत्येक कॅमेऱ्यापासून डीव्हीआरपर्यंत चालत जा. वाटेत जे जे बिघडू शकतं ते लिहा. साधारण यादी अशी निघते:

- लाईट जाणं, आणि बॅकअपची बॅटरी उतरणं
- बारा व्होल्टचा अडॅप्टर किंवा एसएमपीएस (कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा डबा) जळणं
- जोडाला गंज चढणं, उंदराने वायर कुरतडणं
- हार्ड डिस्क खराब होणं किंवा भरून अडकणं
- कॅमेरा वाऱ्याने, माकडाने किंवा मुद्दाम कुणी फिरवणं
- काचेवर कोळ्याचं जाळं, धूळ, फवारणीचे डाग
- नेट बंद, सिमचं रिचार्ज संपलेलं
- डीव्हीआरचं घड्याळ चुकलेलं
- चोराने डीव्हीआरच उचलून नेणं

यातल्या बहुतेक गोष्टी सेन्सरला कळतात. हार्ड डिस्कच्या आत काय चाललंय आणि काचेवर जाळं आहे का, या दोन गोष्टी त्याला नीट कळत नाहीत. त्यासाठी डोळ्यांनी तपासणी करावीच लागते. ती शेवटी येईल.

## २. अंतर मोजा, मगच रेडिओ निवडा

सेन्सर, एक छोटा मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा संगणक), रेडिओ आणि बॅटरी मिळून एक नोड होतो. असे सगळे नोड एका केंद्राशी बोलतात, आणि केंद्र तुमच्याशी. कुठल्या रेडिओने बोलायचं हे अंतरावर ठरतं.

शेड, चाळ, घर अशा वीस-तीस मीटरच्या टापूत झिग्बी हा कमी विजेवर चालणारा, जवळच्या अंतराचा रेडिओ उत्तम. दाराचे, हालचालीचे, तापमानाचे तयार सेन्सर मिळतात आणि प्रोग्रॅमिंग लागत नाही. लक्षात ठेवायची गोष्ट ही, की झिग्बीत एकमेकांचा निरोप पुढे पोचवायचं काम विजेवर चालणारी यंत्रं करतात, उदाहरणार्थ स्मार्ट प्लग. बॅटरीवरचे सेन्सर ते करत नाहीत. त्यामुळे नुसते बॅटरीचे दहा सेन्सर घेतले तर जाळं तयार होत नाही. मधे दोन प्लग लावा, आणि तेही बॅकअपच्या लाईनवर, नाहीतर लाईट गेली की नेमकं तेव्हाच जाळं तुटतं.

झिग्बी आणि वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफाय चॅनेल १ वर ठेवा आणि झिग्बी २५ वर, म्हणजे दोघं एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. झिग्बीचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रेडिओ) संगणकाच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये थेट खोचू नका. मीटरभराची एक्स्टेन्शन वायर लावून दूर ठेवा. सिग्नल नीट येत नसल्याच्या अर्ध्या तक्रारी तेवढ्याने मिटतात.

विहीर, बांध, शेततळं अशा दूरच्या जागांसाठी लोरा, म्हणजे लांब पल्ल्याचा रेडिओ. पाचसातशे मीटर त्याला जड नाही. त्याचा वेग मात्र अगदी कमी, सगळ्यात लांब पल्ल्याच्या सेटिंगवर सेकंदाला ३०० बिटच्या आसपास. म्हणजे फोटो जाणार नाही, "दार उघडलं", "व्होल्टेज ११.९" एवढाच निरोप जाईल. आपल्याला तेवढाच पाहिजे.

इथे एक सापळा आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेच लोरा मॉड्यूल ९१५ मेगाहर्ट्झचे, म्हणजे अमेरिकेसाठीचे असतात. भारतात परवान्याशिवाय वापरता येणारा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे, आणि ९१५ च्या आसपासच्या लहरी आपल्याकडे मोबाईल कंपन्यांच्या वापरात आहेत. एसएक्स१२७६ किंवा एसएक्स१२६२ चिपचं, ८६८ छापलेलं मॉड्यूल घ्या आणि प्रोग्रॅममध्ये ८६६ लावा. अँटेना जोडल्याशिवाय मॉड्यूलला वीज देऊ नका, पाठवणारा भाग जळू शकतो.

अंतराची चाचणी पानं भरलेली असताना घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर उघड्या द्राक्षबागेतून सिग्नल सरळ जातो. दोन महिन्यांनी मांडव हिरवागार झाला की तोच पडतो. उसातही तेच. ओलं पान रेडिओच्या लहरी शोषून घेतं. अँटेना पिकाच्या वर, पाइपावर उभी करा, आणि पत्र्याच्या शेडच्या आत तर ठेवूच नका.

बिनतारी घेण्याचं आणखी एक कारण आहे, ते दुकानात कुणी सांगत नाही. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा घरापासून विहिरीपर्यंत ओढलेली लांब तार तो झटका थेट डीव्हीआरपर्यंत आणते. रेडिओने जोडलेल्या दोन इमारतींमध्ये तारच नसते.

## ३. सामान आणि कागदपत्रं

सामान:

- केंद्रासाठी रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) किंवा जुना छोटा संगणक. मेमरी कार्डाऐवजी एसएसडी लावा, सतत लिहून कार्ड लवकर मरतं
- झिग्बीचा यूएसबी डोंगल
- ईएसपी३२ बोर्ड (नोडचा मायक्रोकंट्रोलर) आणि लोरा मॉड्यूल, प्रत्येक दूरच्या जागेसाठी एक आणि केंद्रासाठी एक
- ४जी जीएसएम मॉड्यूल (सिम टाकून फोन लावणारा भाग). सिम८००एल नावाचं स्वस्त मॉड्यूल फक्त २जीवर चालतं, जिओचं सिम त्यात चालणारच नाही
- दाराचे चुंबकी रीड स्विच, हालचाल ओळखणारे पीआयआर सेन्सर, डीएस१८बी२० तापमान सेन्सर, आयएनए२१९ करंट सेन्सर, एमपीयू६०५० झुकाव सेन्सर
- आयपी६५ दर्जाच्या (धूळ-पाणी न शिरणाऱ्या) प्लास्टिकच्या पेट्या, केबल ग्लँड (वायर शिरते ते भोक घट्ट बंद करणारी बूच), सिलिका जेलच्या पुड्या
- मल्टीमीटर, सोल्डरिंग गन, क्रिंपिंग पक्कड, लेबलं

पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे हे सगळं हातात घेऊन बघता येतं.

कागदपत्रं: कॅमेरे-डीव्हीआरची बिलं आणि सीरियल नंबर (चोरी झाली तर फिर्यादीत आणि विम्यात लागतात), स्वतःच्या नावावरचं सिम, तयार रेडिओ यंत्र घेत असाल तर त्याचं डब्ल्यूपीसीचं (केंद्र सरकारच्या बिनतारी विभागाचं) ईटीए प्रमाणपत्र, आणि आवाराचा हाताने काढलेला नकाशा. नवा कॅमेरा घ्यायचा असेल तर तो सरकारच्या सुरक्षा चाचणीत पास झालेला आहे ना, ते विचारा. सीसीटीव्हीसाठी ही अट एप्रिल २०२५ पासून लागू आहे.

प्रोग्रॅमिंग येत नसेल तर अडून राहू नका. झिग्बीचा भाग होम असिस्टंट या फुकट सॉफ्टवेअरवर बटणं दाबून होतो. लोराचा भाग तालुक्याच्या पॉलिटेक्निकमधला इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी दोन सुट्ट्यांत करून देईल, कारण आर्डुइनोवर त्याच्या तयार लायब्ररी आहेत.

## ४. केंद्र राहत्या घरात ठेवा

डीव्हीआर आणि केंद्र एकाच खोलीत ठेवू नका. चोर एक नेईल तेव्हा दुसरं राहिलं पाहिजे, कारण "डीव्हीआर गेला" हे सांगणारं तेच आहे. केंद्र, राउटर आणि जीएसएम मॉड्यूल तिन्ही एका बॅटरीच्या बॅकअपवर असू द्या.

निरोप जायचे दोन रस्ते ठेवा: इंटरनेटवरून मोबाईलवर सूचना, आणि जीएसएम मॉड्यूलवरून फोन. एसएमएस रात्री दोन वाजता कुणी वाचत नाही. फोनची रिंग वाजली की माणूस उठतो. खूप वेळ लाईट नसली की गावातला मोबाईल टॉवरही कधीकधी बंद पडतो, म्हणून जीएसएमचं सिम घरच्या नेटच्या कंपनीचं नको, दुसऱ्या कंपनीचं घ्या. रिचार्जची तारीख केंद्रातच आठवण म्हणून टाकून ठेवा. घरात मोठा आवाज करणारा एक सायरन थेट केंद्राला जोडा. नेट, फोन, दोन्ही गेलं तरी तो वाजेल.

## ५. कॅमेऱ्यांवर पहारा बसवा

सगळ्या कामाचा गाभा हा आहे. लोक इथे घाई करून थेट आवाराच्या सेन्सरकडे जातात. तसं करू नका.

लाईट आहे का. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. कॅमेरे चुकून त्या लाईनवर जोडलेले असतील तर ते दिवसातले बरेच तास बंदच असतात, म्हणून आधी ते तपासा. मग ओळखण्याचा सगळ्यात सोपा आणि सुरक्षित मार्ग: त्या लाईनवर मोबाईलचा साधा चार्जर लावा. त्याचे पाच व्होल्ट १० आणि २० किलोओहमच्या दोन रोधांतून (रेझिस्टरमधून) सव्वातीनच्या आसपास उतरवून ईएसपी३२ च्या पिनवर द्या. चार्जर बंद झाला म्हणजे लाईट गेली. २३० व्होल्टला हात लावायची गरजच नाही.

बॅटरीत किती जीव आहे. बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि निवांत असेल तर १२.७ च्या आसपास दाखवते, ११.८ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. १२.१ ला पहिला इशारा लावा, म्हणजे हातात वेळ राहतो.

कॅमेरा किती करंट घेतोय. आयएनए२१९ सेन्सर कॅमेऱ्याच्या बारा व्होल्टच्या वायरमध्ये लावला की व्होल्टेज आणि करंट दोन्ही कळतात, आणि त्यातून कॅमेऱ्याची नाडीच हाताला लागते. करंट शून्य म्हणजे कॅमेरा मेला किंवा वायर तुटली. अंधार पडला की रात्रीचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि करंट स्पष्ट वाढतो. संध्याकाळी तो वाढला नाही, तर दिवे गेले आहेत आणि रात्रभर पडद्यावर काळोखच दिसणार आहे. दिवसा सगळं ठीक वाटत असल्याने हा बिघाड महिनोन्महिने लक्षात येत नाही.

याच सेन्सरने आणखी एक जुना रोग सापडतो. कॅमेरा दिवसभर व्यवस्थित, पण सात वाजले की दर मिनिटाला बंद-चालू होतो. लोक कॅमेरा बदलतात, नवाही तेच करतो. दोष वायरीत असतो. हिशोब करून बघा: ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ६० मीटर ओढली, तर जाऊन-येऊन १२० मीटर, म्हणजे रोध साधारण चार ओहम. दिवे लागल्यावर कॅमेऱ्याने अर्धा अँपिअर घेतला की दोन व्होल्ट वाटेतच जातात आणि टोकाला दहाच पोचतात. त्यात वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल, आणि स्वस्त वायर बहुतेक तीच असते, तर आणखी कमी. म्हणून सेन्सर कॅमेऱ्याच्या टोकाला लावा, अडॅप्टरच्या टोकाला नको. संध्याकाळी व्होल्टेज ११ च्या खाली जात असेल तर जाड वायर टाका किंवा अडॅप्टर कॅमेऱ्याजवळ न्या.

कॅमेरा हलला का. एमपीयू६०५० कॅमेऱ्याच्या पेटीत चिकटवा. बसवल्या दिवशीचा कोन नोंदवून ठेवा, पाच अंशांहून जास्त फरक दोन मिनिटं टिकला तर इशारा. "दोन मिनिटं टिकला तर" ही अट महत्त्वाची, नाहीतर वाऱ्याची प्रत्येक झुळूक निरोप पाठवेल.

डीव्हीआरची पेटी. आत डीएस१८बी२० आणि दाराला रीड स्विच. मे महिन्यात पत्र्याखालची बंद पेटी भट्टीसारखी तापते, आणि बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. पेटीत ५० झाले की इशारा यायला हवा. पंखा लावा, झरोक्याला जाळी लावा, पेटी पश्चिमेच्या भिंतीवरून काढा.

डीव्हीआर स्वतः काय म्हणतोय. बऱ्याच डीव्हीआरच्या मागे "अलार्म आउट"चे दोन स्क्रू असतात आणि मेनूमध्ये "व्हिडिओ लॉस", "एचडीडी एरर" असे पर्याय. ते चालू करून अलार्म आउट एका नोडच्या इनपुटला जोडा. हे स्क्रू वर्षानुवर्षं रिकामे पडून असतात. आयपी (नेटवर्कवर चालणारे) कॅमेरे असतील तर केंद्राकडून दर मिनिटाला प्रत्येक कॅमेऱ्याला पिंग करायला, म्हणजे "आहेस का?" विचारायला लावा.

## ६. आवारावर सेन्सर बसवा

आता चोराकडे वळू.

पीआयआर सेन्सर अंगाची उष्णता आणि आजूबाजूची उष्णता यांतला फरक बघतो. उन्हाळ्यात संध्याकाळी भिंतीसुद्धा सदतीस अंशांच्या असतात, तेव्हा त्याला माणूस कमी अंतरावरूनच दिसतो. म्हणून पेटीवर "१२ मीटर" छापलं असेल तर सात धरून चला. समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस त्याला लवकर दिसतो, तेव्हा तो वाटेकडे तोंड करून नाही, वाटेच्या कडेला लावा. उंची दोन-सव्वादोन मीटर. तोंड पश्चिमेला नको, पत्र्याकडे नको, हलणाऱ्या फांदीकडे नको. वायरीचं भोक सिलिकॉनने बुजवा. आत शिरलेली मुंगी खोटा इशारा देते.

कुत्री आणि रानडुकरं हा खरा प्रश्न आहे. त्यावर एकच सेन्सर कितीही महाग घेतला तरी पुरत नाही. दोन सेन्सर दहा-पंधरा मीटर अंतराने लावा आणि दोन्ही ठरावीक क्रमाने वाजले तरच इशारा धरा. बिबट्याचा वावर असलेल्या भागात मात्र प्राण्याची खबरही तितकीच मोलाची आहे. पाणी भरायला रात्री बाहेर पडण्याआधी मोबाईलवर बघून घेता येतं, उसाच्या बाजूला काही हललंय का.

विहिरीवरच्या केबलसाठी सेन्सर सगळ्यात साधा आणि सगळ्यात उपयोगाचा. मोटरच्या केबलला लागून एक बारीक दोन पदरी वायर बांधत न्या, शेवटी तिचे दोन्ही पदर एका रोधातून जोडून टाका, आणि या टोकाला नोड. करंट फिरत असेपर्यंत सगळं ठीक; कुणी केबल कापली की बारीक वायरही कापली जाते आणि क्षणात निरोप येतो. मोटर चालू-बंद होताना या वायरीत झटका बसतो, म्हणून नोडच्या आधी ऑप्टोकपलर (निरोप उजेडातून पलीकडे नेऊन झटका अडवणारा भाग) टाका.

यातलं तत्त्व सगळीकडे पाळा: सेन्सर "एनसी" (नॉर्मली क्लोज्ड) पद्धतीने जोडा, म्हणजे शांत असताना सर्किट जोडलेलं आणि धोक्यात तुटलेलं. याच्या उलट "एनओ" (नॉर्मली ओपन) पद्धतीने जोडलेल्या सेन्सरची वायर चोराने आधीच कापून ठेवली तर तो कधीच वाजत नाही. एनसीमध्ये वायर कापणं हाच इशारा ठरतो.

बाजारात ४३३ मेगाहर्ट्झची तयार अलार्म किट स्वस्तात मिळतात. ती घेऊ नका. त्यातले सेन्सर बहुधा एकाच दिशेने बोलतात, बॅटरी संपली तरी पॅनेलला पत्ता नसतो, आणि कोड कायम एकच असल्याने त्याची नक्कल करणं सोपं असतं.

## ७. सेन्सर आणि कॅमेरा एकमेकांना जोडा

डीव्हीआरच्या मागे "अलार्म इन" असेल तर केंद्राच्या किंवा नोडच्या रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) दोन टोकं तिथे जोडा. रिले फक्त संपर्क जोडतो-तोडतो. त्या स्क्रूंना बाहेरून व्होल्टेज देऊ नका. मग डीव्हीआरमध्ये "प्री-रेकॉर्ड" दहा सेकंद लावा, म्हणजे सेन्सर वाजण्याआधीचाही भाग मिळतो.

नियम कमी ठेवा. मी तीनच पुरेसे मानतो:

- एक सेन्सर वाजला: आवारातला दिवा लागतो, रेकॉर्डिंगवर खूण पडते, फोन नाही
- तीस सेकंदांत दोन सेन्सर, किंवा एक सेन्सर आणि कॅमेऱ्याने ओळखलेला माणूस: फोन आणि सायरन
- डीव्हीआरची पेटी उघडली, केबल कापली, किंवा आवारात सेन्सर वाजला आणि त्याच वेळी तिथला कॅमेरा बंद आहे: काहीही न तपासता फोन

तिसऱ्या नियमातला शेवटचा भाग फार महत्त्वाचा. कॅमेरा बंद पडणं हा एरवी सकाळी बघायचा बिघाड असतो. पण कॅमेरा बंद आणि हालचाल, हे दोन्ही एकत्र आलं की तो धोका असतो.

## ८. गप्प बसणं हाही इशारा धरा

प्रत्येक नोडने दर दहा मिनिटांनी "मी आहे" एवढं सांगायचं, सोबत बॅटरीचं व्होल्टेज. तीन हजेऱ्या लागोपाठ चुकल्या की केंद्राने तुम्हाला सांगायचं. बॅटरी संपली, पेटीत पाणी गेलं, कुणी नोड फोडला, किंवा जॅमर (सिग्नल अडवणारं यंत्र) लावला, कारण काहीही असो, परिणाम एकच: हजेरी नाही. वायफायवर एमक्यूटीटी (सेन्सरचे निरोप पोचवायची पद्धत) वापरत असाल तर त्यात "लास्ट विल" ही सोय आहे. संपर्क तुटल्यावर सर्व्हर स्वतःच तसं जाहीर करतो.

पण केंद्रच गेलं तर? त्याची हजेरी दुसऱ्या गावच्या भावाच्या किंवा मित्राच्या घरातल्या यंत्राकडे लागू द्या. अर्धा तास हजेरी आली नाही की ते यंत्र तुम्हाला फोन करेल. तुम्ही त्याच्यासाठी तेच करा, दोघांचंही काम होतं.

बॅटरीबद्दल एक सूचना. ईएसपी३२ चिप गाढ झोपेत अगदी नगण्य वीज खाते, पण बाजारातल्या बोर्डावरचा दिवा, यूएसबीची चिप आणि रेग्युलेटर मिळून त्याच्या कितीतरी पट जास्त खातात. दिवा काढून टाका, किंवा बॅटरीवर चालण्यासाठीच बनवलेला बोर्ड घ्या. १८६५० आकाराचा लिथियम सेल आणि हाताएवढं सौर पॅनेल लावलं तर पावसाळ्यातही अडचण येत नाही, पॅनेलवरची धूळ पुसत राहिलात तर.

साध्या लोरामध्ये निरोप उघडा जातो. त्याला एईएस कुलूप (सांकेतिक लिपीत बदलणं) आणि प्रत्येक निरोपाला चढता क्रमांक द्या, म्हणजे कुणी जुना निरोप पुन्हा वाजवून केंद्राला फसवू शकणार नाही. लोरावॅन (लोरावरची तयार नेटवर्क पद्धत) वापरलं तर ही सोय आयतीच असते.

## ९. घड्याळ आणि पुरावा

डीव्हीआर, केंद्र आणि नोड यांची वेळ एकच असायला हवी. डीव्हीआरमधला छोटा सेल संपला की लाईट गेल्यावर तारीख मागे जाते आणि मग पोलिसांना दाखवायला चित्र असतं, वेळ नसते. मेनूमध्ये एनटीपी (नेटवरून वेळ जुळवण्याची सोय) चालू करा, टाइम झोन साडेपाच तास पुढे, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम सर्व्हर लावा.

वेळेवर किती अवलंबून असतं ते आपल्याच राज्यात दिसलं आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत आला की नंतर, हा वाद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर येऊन थांबला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२० मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं, की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र लागतंच. आता हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून लागू. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात आणि त्यात फाइलची हॅश संख्या (फाइल बदलली की बदलणारी, तिच्या बोटाच्या ठशासारखी संख्या) लिहावी लागते. म्हणून घटना घडली की फुटेज पेन ड्राइव्हवर घ्या, लगेच हॅश काढून वहीत लिहा, मूळ हार्ड डिस्कला हात लावू नका. सेन्सरच्या नोंदींची प्रतही सोबत ठेवा. दार किती वाजता उघडलं हे चित्राशी जुळलं की बाजू भक्कम होते.

आणि उशीर करू नका. चार कॅमेरे प्रत्येकी सेकंदाला दोन मेगाबिटने लिहीत असतील, तर दिवसाला साधारण ८६ जीबी होतात. एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत पहिल्यापासून पुसली जायला लागते.

## १०. पासवर्ड, खासगीपण, देखभाल

कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने जगभरातले असे कॅमेरे आणि डीव्हीआर केवळ मूळ पासवर्ड वापरून ताब्यात घेतले होते. राउटरमध्ये पोर्ट उघडून ठेवू नका. बाहेरून बघायचं तर व्हीपीएन (नेटवरचा कुलूपबंद खासगी रस्ता) वापरा. मजुरांच्या खोल्या, न्हाणीघर आणि शेजाऱ्याचं अंगण कॅमेऱ्यात येता कामा नये. गड्यांना कॅमेरे आणि सेन्सर कुठे आहेत ते आधी सांगा. तेच ते रोज जपतात.

महिन्यातून एकदा, शक्यतो अमावस्येच्या आसपास, एवढं करा:

1. मेन स्विच पाडा. लाईट गेल्याचा निरोप किती वेळात येतो ते बघा, आणि बॅकअपवर अर्धा तास चालू द्या.
2. अंधारात प्रत्येक सेन्सरसमोरून चालत जा, घरच्या माणसाला मोबाईल बघायला बसवा.
3. एका नोडची बॅटरी काढा आणि हजेरी चुकल्याचा फोन येईपर्यंत थांबा. दर महिन्याला वेगळा नोड.
4. आठ दिवसांपूर्वीचं रात्रीचं रेकॉर्डिंग प्रत्येक कॅमेऱ्याचं मिनिटभर चालवून बघा. हार्ड डिस्कची याहून चांगली चाचणी नाही.
5. त्याच रेकॉर्डिंगमध्ये पडद्यावर पांढरा धूर किंवा हलणाऱ्या रेघा दिसल्या तर ते कोळ्याचं जाळं आहे. कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी. मऊ ब्रशने झाडा. फवारणीच्या दिवसांत काचही ओल्या फडक्याने पुसा.
6. तारीख आणि प्रत्येक सेन्सरचं व्होल्टेज वहीत लिहा. एखाद्याचं व्होल्टेज दर महिन्याला इतरांपेक्षा जास्त उतरत असेल तर त्याच्या पेटीत बहुधा ओल शिरली आहे. पाऊस सुरू होण्याआधी ती उघडून सिलिका जेलची पुडी बदला आणि ग्लँड आवळा.